संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम कधी बदलावी?



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना आमच्यासारख्या आयटीवाल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अरे, घरच्या कॉम्प्युटरवर सारखी सूचना येते आहे, नवीन विंडोज घ्या म्हणून. घेऊ का?" ताटात पुरी पडेपर्यंत जेवढे सांगता येईल तेवढे सांगतो आणि रांग पुढे सरकते. पण या प्रश्नाचे उत्तर "हो" किंवा "नाही" एवढे सोपे नाही, म्हणून हा लेख.

या बाबतीत आपल्याकडे दोन प्रकारची मंडळी आहेत. पहिला प्रकार उत्साही. नवी आवृत्ती आली की त्याच रात्री बटण दाबून मोकळे. दुसरा प्रकार "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" असे म्हणणारा. त्यांचा संगणक दहा वर्षे तसाच चालू असतो आणि त्यांना त्याचा अभिमानही असतो. माझ्या मते दोघांचेही चुकते, कारण दोघेही चुकीच्या गोष्टीकडे बघून निर्णय घेतात. नवी आवृत्ती कधी आली याला फारसे महत्त्व नाही, आणि जुनी अजून चालते आहे यालाही नाही. बघायची ती एकच तारीख: आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या कधी थांबणार? त्या तारखेच्या आधी, आणि आपल्या घरच्या सोयीने, बदल करावा. बाकीचा लेख म्हणजे या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

अपडेट वेगळे, अपग्रेड वेगळे

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची यंत्रे आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. प्रिंटरला कागद छाप म्हणून सांगणे, फाइल डिस्कवर नीट ठेवणे, इंटरनेटवरून कोण आत येते यावर लक्ष ठेवणे ही सगळी कामे तो करतो. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स ही त्याची घरोघरी दिसणारी उदाहरणे.

यात दोन शब्दांचा नेहमी घोळ होतो. अपडेट म्हणजे डागडुजी. पावसाळ्याआधी आपण गावच्या घराची कौले शाकारतो, तसे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी या दुरुस्त्या देते. अपग्रेड म्हणजे जुने घर उतरवून त्याच जागी नवे बांधणे: विंडोज ७ वरून १०, १० वरून ११. सामान तेच, पण खिडक्या-दारे बदललेली आणि काही कपाटे नव्या खोलीत न मावणारी.

डागडुजी कधीही टाळू नये. महिन्याचे अपडेट आले की चार-पाच दिवसांत करून टाकावे. विचार करायचा तो फक्त अपग्रेडचा.

घाई केली तर काय होते?

विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी बाजारात आली. ज्यांनी लगेच घेतली त्यांच्यापैकी अनेकांचे प्रिंटर आणि स्कॅनर चालेनात, कारण कंपन्यांनी व्हिस्टासाठी ड्रायव्हर तयारच केले नव्हते. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. दुभाष्या नसेल तर दोघेही शहाणे असून उपयोग नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे मोठे अपडेट २ ऑक्टोबरला उपलब्ध झाले. काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फाइली त्यात नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत वाटप थांबवले आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली. ज्यांनी महिना-दीड महिना वाट बघितली त्यांना हे घडल्याचे कळलेही नाही.

मॅकवाल्यांनी हसू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि तिने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणे पूर्णपणे बंद केले. जुने ऑफिस, जुने फोटो-प्रोग्रॅम, जुने खेळ एका रात्रीत निकामी झाले. ॲपलने त्याची सूचना आधी दिली होती, पण सूचना वाचतो कोण?

उशीर केला तर काय होते?

विंडोज एक्सपी ही अनेकांची लाडकी. तिच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. तरीही पुढे कित्येक वर्षे ती घरोघरी, दवाखान्यांत आणि दुकानांत चालूच होती.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला. तो संगणकावरच्या फाइली कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टना याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आता गंमत बघा. ज्या भोकातून हा किडा शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिली होती. एक्सपीसाठी मात्र ती तेव्हा सर्वांना मिळाली नव्हती. हल्ला झाल्यावर अपवाद म्हणून देण्यात आली. आणि ज्या संगणकांना लागण झाली त्यातले बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी औषध उपलब्ध होते, पण कोणी घेतले नव्हते.

यातून दोन धडे मिळतात. आधार संपलेली सिस्टिम धोक्याची आहे. आणि आधार असलेली सिस्टिमही अपडेट केली नाही तर तेवढीच धोक्याची आहे.

"माझा संगणक तोच आहे, मग ती तारीख उलटली की तो एकदम धोकादायक कसा होतो?" असे एका काकांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. नव्या विंडोजमधला बराचसा भाग जुन्या विंडोजमधूनच आलेला असतो. नव्या आवृत्तीत एखादे भोक सापडले आणि बुजवले की ती दुरुस्ती तपासून, भोक नेमके कुठे होते हे चोरांना कळते. तेच भोक जुन्या आवृत्तीत असेल तर ते उघडेच राहते. म्हणजे दर महिन्याला नव्या घराची दुरुस्ती होते तेव्हा जुन्या घराचा नकाशा चोरांच्या हाती पडत असतो. अँटीव्हायरस हा दारावरचा गुरखा. भिंतीलाच भगदाड असेल तर तो किती पुरा पडणार?

तारखा लिहून ठेवा

विंडोजच्या आवृत्त्या कधी आल्या आणि त्यांच्या दुरुस्त्या कधी थांबल्या ते असे:

विंडोज एक्सपी: २५ ऑक्टोबर २००१ ते ८ एप्रिल २०१४
विंडोज व्हिस्टा: ३० जानेवारी २००७ ते ११ एप्रिल २०१७
विंडोज ७: २२ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२०
विंडोज ८.१: १७ ऑक्टोबर २०१३ ते १० जानेवारी २०२३
विंडोज १०: २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिची पद्धत जरा वेगळी आहे. दर वर्षी एक नवी आवृत्ती येते आणि होम व प्रो प्रकारात प्रत्येक आवृत्तीला २४ महिने दुरुस्त्या मिळतात. म्हणजे "माझ्याकडे ११ आहे" एवढ्यावर निर्धास्त राहून चालत नाही. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून winver ऐवजी काय टाइप करायचे ते लक्षात ठेवायला नको, सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट असे गेलात की आवृत्तीचा क्रमांक दिसतो. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष.

ॲपल अशा तारखा आधी जाहीर करत नाही. अनुभव असा, की सर्वांत नवी आणि तिच्या आधीच्या दोन अशा तीन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. इंटेलची चिप असलेल्या मॅकसाठी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेली टाहो ही शेवटची आवृत्ती, असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. उबंटू लिनक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात.

घरात अजून विंडोज १० असेल तर

आपल्यापैकी अनेकांच्या, आणि त्याहून जास्त म्हणजे भारतातल्या आईबाबांच्या घरी विंडोज १० आहे. तिच्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चा आधारही त्याच दिवशी संपला. अशा वेळी पुढचे पर्याय आहेत.

१) विंडोज ११ वर जाणे. संगणक पात्र असेल तर हे अपग्रेड फुकट आहे. पात्रतेच्या अटी: ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २००० मालिका आणि त्यानंतरचे प्रोसेसर यादीत आहेत. म्हणजे साधारण २०१८ नंतर घेतलेला संगणक बहुधा चालतो. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा फुकट प्रोग्रॅम चालवला की तो स्पष्ट सांगतो. "टीपीएम नाही" असे उत्तर आले तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच संगणकांत ही सोय असते पण बंद करून ठेवलेली असते. बायोसमध्ये इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने ती सापडते. आणि ४ जीबी ही कागदावरची अट झाली. प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर चहा होईपर्यंत फाइल उघडत नाही.

२) मुदतवाढ. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. अमेरिकेत त्यासाठी सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवणे, रिवॉर्ड्सचे १००० गुण देणे किंवा ३० डॉलर भरणे असे तीन मार्ग ठेवले. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असणे ही त्यातली अट. ही सोय विचार करायला मिळालेली सवड आहे, कायमचा मुक्काम नव्हे.

३) नवा संगणक घेणे. यंत्र आठ-दहा वर्षांचे असेल तर बऱ्याचदा हाच स्वस्तातला मार्ग ठरतो.

४) जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट, उबंटू किंवा क्रोमओएस फ्लेक्स टाकणे. फक्त ईमेल, बातम्या आणि व्हिडिओ कॉल यांसाठी संगणक लागत असेल तर हा पर्याय चांगला आहे. टॅक्सचा किंवा हिशोबाचा विंडोजवरचा प्रोग्रॅम लागत असेल तर नाही.

५) संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त एका कामासाठी ठेवणे. हा पर्याय विचित्र वाटेल, पण मराठी माणसाला तो कधी कधी लागतो. का ते पुढे सांगतो.

अटी चुकवून विंडोज ११ जबरदस्तीने बसवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात. आईबाबांच्या संगणकावर त्या करू नका. अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग एवढा खटाटोप ज्यासाठी केला तेच हाती लागत नाही.

आपली खास अडचण: जुने मराठी फॉन्ट

आता माझी स्वतःची फजिती. विंडोज १० चे फुकट अपग्रेड २९ जुलै २०१६ पर्यंतच मिळणार होते. मी त्याच महिन्यात सांगलीला घरी गेलो होतो. संधी जाईल म्हणून परतीच्या आदल्या रात्री बाबांच्या विंडोज ७ वर अपग्रेड चालू केले आणि झोपलो. सकाळी सगळे छान दिसत होते. निघायच्या तासभर आधी बाबा म्हणाले, "आजीचं उघडत नाहीये रे."

आजीने तिच्या माहेरच्या, लग्नाच्या, ४८ सालच्या आठवणी सांगितल्या होत्या आणि बाबांनी त्या तीन वर्षे रोज संध्याकाळी थोड्या थोड्या टाइप केल्या होत्या. दोनशेच्या वर पाने. त्या होत्या एका जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये, ज्याला संगणकाच्या मागे लावायचे एक कुलूप लागायचे. त्या कुलपाचा ड्रायव्हर विंडोज १० वर चालेना. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. टॅक्सी दारात उभी होती. आजी आतून विचारत होती, "काय झालं?" आणि बाबा म्हणत होते, "काही नाही, काही नाही."

नशिबाने विंडोजमध्ये मागे जाण्याची सोय असते. अमेरिकेत पोहोचल्यावर फोनवरून बाबांना एकेक पायरी सांगत आम्ही परत विंडोज ७ वर गेलो. प्रोग्रॅम उघडला. त्या दिवशी बाबांनी पहिले काम केले ते सगळी पाने पीडीएफ करून ठेवण्याचे. मग पुढच्या वर्षभरात तो मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि त्यानंतरच संगणक बदलला. आजी २०१८ मध्ये गेली. ती पाने आज आमच्या चारही घरांत आहेत.

हे असे का होते ते समजून घेतले पाहिजे. युनिकोडमध्ये "क" या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे, त्यामुळे तो कुठल्याही संगणकावर "क"च दिसतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. फाइलमध्ये खरे तर इंग्रजी अक्षरेच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट किंवा प्रोग्रॅम गेला की मुखवटा उतरतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्येही वाचता येत नाही.

विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे विंडोज ९५-९८ च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत. म्हणून अपग्रेडच्या आधी घरातल्या आणि मंडळाच्याही जुन्या मराठी फाइली शोधा. जुने दिवाळी अंक, स्मरणिका, वंशावळी, पत्रिका, आईच्या पाककृती. त्या जुन्या यंत्रावरच पीडीएफ करा, फॉन्टची फाइल सोबत जपून ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर मिळतात. जोडाक्षरे आणि रफार तेवढे डोळ्याखालून घालावे लागतात. हे काम पुरे होईपर्यंत जुना संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवणे, हाच तो पाचवा पर्याय.

युनिकोडवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट आपोआप येतोच असे नाही. जुन्या दस्तऐवजात तो वापरला असेल तर सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावेत. मजकूर कुठेही जात नाही, फक्त दिसण्यात फरक पडतो.

मुहूर्त कुठला धरावा?

आमच्या घरी मी पाळतो ते नियम देतो. हे माझ्या अनुभवाचे आहेत, त्यात सोयीप्रमाणे बदल करा.

नवी मोठी आवृत्ती आली की तीन ते सहा महिने थांबावे. पहिल्या वळणावरचे खड्डे तोपर्यंत इतरांना सापडलेले असतात.

दुरुस्त्या थांबण्याच्या तारखेआधी किमान सहा महिने निर्णय घ्यावा. नवा संगणक घ्यायचा ठरला तर सवलतीची वाट बघायलाही तेवढा वेळ मिळतो.

टॅक्सच्या दिवसांत हात लावू नये. अमेरिकेत १५ एप्रिलच्या आधीचे दोन महिने आणि ब्रिटनमध्ये जानेवारी महिना सोडून द्यावा. पण टॅक्सचा प्रोग्रॅम काय मागतो ते डिसेंबरातच बघून ठेवावे. टर्बोटॅक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीला कर-वर्ष २०२५ पासून विंडोज ११ लागते.

मुलांच्या परीक्षा, कॉलेजचे अर्ज आणि मंडळाचे हिशोब चालू असताना करू नये.

भारतातून निघण्याच्या आदल्या रात्री तर कधीच करू नये. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात करावे, म्हणजे काही बिघडले तर तुम्ही तिथे असता. आणि वीज जात असेल तर यूपीएस किंवा चार्ज केलेला लॅपटॉप हवाच. डाऊनलोडही चार-सहा जीबीचे असते.

सर्वांत चांगला दिवस म्हणजे मोठ्या सुटीतला शनिवार, सकाळची वेळ. रात्री अकराला कोणी मदतीला येत नाही.

करण्याआधी

१) बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडमध्ये किंवा भावाच्या घरी, असे साधते. वनड्राइव्हसारखी सोय म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. इथे पुसले की बऱ्याचदा तिथेही पुसले जाते.

२) बॅकअप तपासा. त्यातल्या पाच-सात फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वाचता सही केलेला कागद.

३) बिटलॉकरची किल्ली. नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर लिहून ठेवा, विशेषतः बायोसमध्ये काही बदलणार असाल तर. ती नसेल तर फोटो डिस्कवर असूनही मिळणार नाहीत.

४) प्रिंटर, स्कॅनर आणि नेहमीचे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालतात का ते त्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर बघा. प्रोग्रॅमचे परवाना-क्रमांक लिहून घ्या.

५) अपग्रेडनंतर लगेच सगळे तपासा. विंडोज ११ मध्ये मागे जाण्याची सोय साधारणपणे १० दिवसच असते. मला २०१६ मध्ये महिना मिळाला होता. पहिल्या दोन दिवसांत एक पान छापा, एक स्कॅन करा, एक मराठी फाइल उघडा, एक व्हिडिओ कॉल करा.

आईबाबांचा संगणक

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. "तुमचे विंडोज आज बंद होणार आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो आहोत" असे फोन भारतात आणि इकडे दोन्हीकडे येतात. विंडोज १० सारखी बातमी पेपरात आली की अशा फोनवर विश्वास बसणे सोपे होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी आजच सांगा. मायक्रोसॉफ्ट आपण होऊन कोणाला फोन करत नाही. पडद्यावरच्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. आणि कोणी संगणकाचा ताबा मागितला तर फोन ठेवून आधी आपल्या मुलाला किंवा मुलीला विचारायचे. पैसे गेलेच तर भारतात सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, तिथे जितक्या लवकर कळवावे तितके बरे.

मदत करायची असेल तर विंडोजमधली क्विक असिस्ट ही सोय वापरा. तुम्ही सहा अक्षरांचा संकेत सांगायचा, तो त्यांनी टाकायचा, की त्यांचा पडदा तुम्हाला दिसतो. मात्र नियम असा ठेवा, की हा संकेत फक्त तुमच्याशी व्हिडिओ कॉल चालू असतानाच टाकायचा. चेहरा दिसला की खात्री पटते.

थोडक्यात

महिन्याची डागडुजी वेळच्या वेळी करा. मोठा बदल नवा आला म्हणून करू नका आणि जुने चालते म्हणून टाळू नका. दुरुस्त्या थांबण्याची तारीख फ्रिजवर लावलेल्या कालनिर्णयावर लिहा आणि तिच्या सहा महिने आधी एक खूण करा. संगणक पुन्हा विकत मिळतो, विंडोजही मिळते. पण त्या डिस्कवर जे आपल्या माणसांनी लिहून, बोलून, फोटो काढून ठेवले आहे ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. आधी ते सुरक्षित करा, मग खुशाल बटण दाबा.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटूच. जेवणाच्या रांगेत प्रश्न विचारायला अजूनही हरकत नाही, फक्त येताना संगणकाचे मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती कागदावर लिहून आणा!